बाहेरून लागत नाही

“…आणि घरातून लागतं?”

“घरातून लागतं, सर. लगेच.”

“बाहेरून?”

“बाहेरून नाही लागत.”

“हं,” म्हणत मोकाशी सरांनी पोत्याची सुतळी सोडली.

सर पूर्वी कराडच्या एका तंत्रनिकेतनात टेलिफोनची प्रयोगशाळा चालवत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. समोर उभा होता त्यांचा जुना विद्यार्थी उदय इंगवले. वय पन्नाशीचं, पुण्याच्या मोठ्या कंपनीत नेटवर्कचा प्रमुख. पाठीला लॅपटॉपची बॅग, पायात चकचकीत बूट.

वसुबारसेच्या आदल्या दिवशीची दुपार होती. सर अंगणात पाटावर बसले होते. पोत्यात मागच्या दिवाळीच्या किल्ल्याची माती होती. गल्लीतली पोरं दरवर्षी सरांच्या अंगणात किल्ला करत. तुळशीचं लग्न झालं की सर तो मोडत, माती वाळवत आणि पोत्यात भरून ठेवत.

“बस. ती चाळण घे.”

“सर, मी बोलायला आलोय.”

“बोल की. तोंडानं बोल, चाळण हातानं चालते.”

उदयने बूट काढले. पॅन्ट दुमडून तो घमेल्याजवळ बसला. सर ढेकळं फोडून चाळणीत टाकू लागले. उदय चाळू लागला.

“सर्व्हर म्हणजे एक मशीन, सर. घरी चालू ठेवायचं. खेळणारे जिथे असतील तिथून त्याला जोडून घेतात. सगळे एकाच जगात उतरतात.”

“एक्स्चेंजच की.”

“…साधारण.”

“मग एक्स्चेंज म्हण. पुढे?”

खेळ बांधकामाचा होता. दगड, लाकूड, माती, पाणी. हवं ते उभं करायचं.

ते जग उदयच्या मुलाने, मिहिरने, घरच्या मशीनवर तयार केलं होतं. सोसायटीतली चार मुलं लहानपणी पार्किंगच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला करत. पुढे ऋजुता शिकायला जर्मनीला गेली. अर्शद बंगळुरूला, सौमित्र चंद्रपूरला नोकरीला लागला. दिवाळीला एकत्र येणं जमेना. तेव्हा मिहिरने किल्लाच मशीनमध्ये नेला. दर वसुबारसेला चौघं आपापल्या गावाहून तिथे उतरत. भाऊबीजेपर्यंत नवा किल्ला उभा राही.

मिहिर माघात गेला.

उन्हाळ्यात घरचा राउटर जळला. नवा आणला. बाहेरच्यांना आत घेण्याची वाट पुन्हा काढून द्यावी लागली. तेव्हापासून बाहेरून लागत नव्हतं.

“उद्या वसुबारस आहे,” उदय म्हणाला. “पोरं विचारतायत.”

“काय काय केलंस?”

उदय जरा ताठ बसला.

“सर, तीन बँकांची जाळी माझ्या हाताखाली चालतात. हे काम तसं माझ्यासाठी…”

“बँकांचं नको सांगू. घरचं सांग.”

“राउटरला सांगितलंय, या नंबरच्या दारावर कोणी आलं की थेट मिहिरच्या मशीनकडे पाठव.”

“पाठवतो?”

“पाठवायला हवा. मशीनच्या फायरवॉललाही सांगितलंय, यांना अडवू नकोस.”

“तो ऐकतो?”

“ऐकतो. तरी पूर्ण बंद करूनही बघितला.”

“पत्ता?”

“घराचा बाहेरचा पत्ता सारखा बदलायचा. नेटच्या कंपनीकडून कायमचा घेतला.”

“राउटरच खराब असेल.”

“तोही बदलला.”

“मशीन झोपत असेल मधूनच.”

“झोपत नाही, सर. नीलिमा, त्याची आई, बंदच करू देत नाही. पंख्याचा आवाज यायला पाहिजे, म्हणते.”

सरांनी एक ढेकूळ हातात फिरवलं, फोडलं.

“म्हणजे सगळं बरोबर आहे.”

“सगळं बरोबर आहे. म्हणून तर आलो.”

“सगळं बरोबर असलेला माणूस माझ्याकडे कशाला येईल?”

 चाळणीत खडे उरले होते. ते उदयने बाजूला ओतले.

भिंतीपलीकडून शेजारच्या कुंदाताईंचा आवाज आला. “सर, माती झाली का? आमचं ध्यान सकाळपासून नाचतंय!”

“नाचू दे!” सर ओरडले. “आज इंजिनिअर लावलाय चाळायला. वेळ लागणार!”

“मग दिवाळी गेली म्हणायची!”

उदय हसला. त्याने चाळण पुन्हा भरली.

“घरात कोणाला विचारलंस?” सर म्हणाले.

“घरात कोणाला यातलं कळतं?”

“ऑफिसात?”

“ऑफिसात नाही विचारलं.”

“का? तुझ्या हाताखाली माणसं असतील की.”

“आहेत. पण साहेबाच्या घरचा सर्व्हर लागत नाही…” उदयने खांदे उडवले. “बरं दिसत नाही ते.”

“आणि मला विचारणं बरं दिसतं?”

“तुमच्यासमोर माझं आधीच फार काही बरं दिसलेलं नाही, सर.”

सर मोठ्याने हसले. त्यांना खोकला आला. पाणी पिऊन ते पुन्हा पाटावर बसले.

“बरं. लागत नाही हे कळलं कसं?”

“म्हणजे?”

“म्हणजे बाहेरून कोण लावून बघतं?”

“मीच.”

“त्या पोरांपैकी कोणी?”

“ऋजुता म्हणाली होती, काका, मी इथून एकदा लावून बघू का. मी नको म्हटलं.”

“का?”

“अर्धवट काम दाखवत नाही मी कोणाला. झालं की सांगतो म्हटलं.”

“मग?”

“मग काय… थांबलीत. गुणी पोरं आहेत. काका, घाई नाही, म्हणतात.”

“आणि तू रोज बघतोस.”

“रोज. ऑफिसातून आलो की.”

“कुठून?”

“मिहिरच्या खोलीतून.”

सरांचा हात थांबला.

“खुर्चीवर बसून?”

“हो. त्याच्याच खुर्चीवर. शेजारी लॅपटॉप ठेवतो, घराचा बाहेरचा पत्ता घालतो. थोडा वेळ फिरतं आणि मग येतं, जोडता आलं नाही.”



“इंगवले.”

“सर?”

“माझ्या प्रयोगशाळेचा नियम काय होता?”

उदयला तो आठवायला वेळ लागला नाही. प्रयोगशाळेत टेलिफोनची लाईन जोडून झाली की सर म्हणत, “बाहेर जा.” नवी मुलं घाबरत, शिक्षा वाटे. खरं म्हणजे कॅन्टीनपर्यंत चालत जायचं, तिथल्या यंत्रावरून प्रयोगशाळेला फोन लावायचा. आत सर उचलत. आवाज आला तर मार्क.

“बाहेर जा,” उदय म्हणाला.

“तू गेला नव्हतास.”

“पाऊस होता, सर.”

“पाऊस होता. म्हणून तू दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर घेतलीस. दोन कानांना दोन रिसीव्हर. आणि स्वतःलाच हॅलो म्हणत होतास.”

“लाईन चालू होती!”

“अजून भांडतोयस?”

“निम्मे मार्क कापलेत तुम्ही.”

“हॅलोला उत्तर कोण देत होतं?”

“…मीच.”

“हं.”

सरांनी पोतं तिरकं करून उरलेली ढेकळं खाली घेतली. उदयने चाळण उचलली, पण हलवली नाही.

“सर… घरात बसून घराच्याच बाहेरच्या पत्त्यावर गेलं, तर पुष्कळसे राउटर आत घेत नाहीत. आतल्या माणसाला बाहेरून वळून परत येऊ देत नाहीत.”

“असं?”

“हो. त्यात बिघाड नसतो. त्यांची रीतच तशी.”

“हे तुला कोणी सांगितलं?”



“मीच शिकवतो. नव्या मुलांना… पहिल्या आठवड्यात.”

“म्हणजे ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं.”

सरांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. मातीचा हात लागून तो आणखी मळला.

“आत्ता तू कुठे आहेस?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“साधं विचारतोय.”

“कराडला.”

“कराड तुझ्या घरात येतं का?”

…

उदयने हात झटकले. बॅग उघडून लॅपटॉप काढला. पायरीवर ठेवला, मोबाईलचं नेट जोडलं. तपासायला म्हणून खेळ त्यात भरलेला होताच. त्याने घराचा पत्ता घातला. बोट थोडं थांबलं, मग दाबलं.

पडद्यावर आभाळ आलं. मग गवत. मग दूरवर एक तटबंदी.

“लागलं,” तो म्हणाला.

“केव्हापासून लागत असेल?”

“…वाट काढली तेव्हापासून. उन्हाळ्यापासून.”

“बरं,” म्हणून सर उठले. “मी चहा ठेवतो.”

ते आत गेले. उदय पडद्याकडे बघत बसला. त्याने काही दाबलं नाही. गवत वाऱ्याने हलत होतं.

सर दोन कप घेऊन आले तेव्हाही पडद्यावर तेच गवत होतं.

“आनंद झालेला दिसत नाही.”

“झालाय, सर.”

“चहा घे. आत जा.”

“कुठे?”

“किल्ल्यात. इथे उभा राहून काय करतोस? घरातून लागत होतं म्हणालास. तेव्हा आत जात होतास ना?”

“नाही.”

“एकदाही?”

“जोडलं जातंय एवढं बघायचो. आणि बंद करायचो. मला… तपासायचं होतं फक्त.”

“मग आता तपास.”

उदयने कप खाली ठेवला. डाव्या हाताची बोटं कळांवर, उजवा हात माऊसवर. पडद्यावरचा माणूस दोन पावलं चालला आणि झाडाला धडकला. मागे आला. पुन्हा त्याच झाडाला धडकला.

“तीन बँका,” सर म्हणाले.

“सवय नाही, सर.”

“एका हातानं नाही होत?”

“नाही. दोन्ही लागतात. एकानं चालायचं, एकानं बघायचं.”

माणूस उतारावरून घसरला आणि खंदकात पडला.

“पडलो.”

“दिसलं मला. पोहायला येतं का?”

उदय हसला. ते हसू मध्येच थांबलं. खंदकातून वर यायला त्याला बराच वेळ लागला.

दरवाजा उघडा होता. आत दोन बाजूंना मशाली. मशालींखाली पहारेकऱ्यांच्या देवड्या, पुढे पायऱ्या, वर सदर. कोनाड्यांतून लाल फुलांच्या कुंड्या. डावीकडे टाकं, त्यात पाणी. उदय हळूहळू जात होता. भिंतींना धडकणं आता कमी झालं होतं.

दोन बुरूज पुरे होते. तिसरा अर्धाच होता. शेजारी दगडांचा ढीग, एक शिडी टेकलेली, शिडीच्या शेवटच्या पायरीजवळ एक मशाल. बांधणारा चहाला उठून गेला असावा, तसं.

उदय तिथे उभा राहिला.

“अर्धा आहे,” सर चष्म्यातून बघत म्हणाले.

“तो कधी पुरा करायचा नाही. पोरं चिडवायची त्याला. मिहिऱ्याचा तिसरा बुरूज पुढच्या दिवाळीत.”

“करायचा पुढच्या दिवाळीत?”

“नाही. पुढच्या दिवाळीत सगळा किल्लाच नवा.”

“जागा?”

“जागा तीच.”

“बरं.”

सर पुन्हा पाटावर बसले. एक ढेकूळ उचललं. उदयनेही लॅपटॉप पायरीवर तसाच उघडा ठेवून चाळण हातात घेतली. माती खाली पडू लागली, पिठासारखी.

चाळणीत काहीतरी अडकलं. उदयने उचलून बघितलं. मातीचा मावळा होता. रंग उडालेला, एक हात खांद्यापासून गेलेला.

“हा तुटलाय, सर. टाकू?”

“टाकू नकोस. तो दरवर्षीचा आहे. त्याला पोरं दरवाजावर उभा करतात.”

“पहारेकरी? हात नाही त्याला.”

“म्हणून तर. हात असलेला अडवत बसतो.”

उदयने मावळा पाटाच्या कडेला उभा केला. तो पडला. सरांनी तळाशी ओली माती लावून पुन्हा उभा केला.

“पोरांना कळव,” सर म्हणाले.

“कळवतो. घरी गेलो की. एकदा नीट तपासून…”

“काय तपासायचं राहिलं?”

…

“सर, एक सोय आहे,” उदय म्हणाला. त्याचा आवाज ऑफिसातल्यासारखा झाला होता. “किल्ल्याचा तेवढा भाग कुलूपबंद करता येतो. लोक येतील, फिरतील, बघतील. पण त्या हद्दीतला एक दगडही कोणाला काढता येणार नाही. आजूबाजूला जागा अमाप आहे. त्यांनी शेजारी बांधावा.”

“मग कर.”

उदयने वर बघितलं.

“करू?”

“कर की. घर तुझं, मशीन तुझं. मला कशाला विचारतोस?”

“तुम्हाला पटतंय?”

“मला पटायचा काय संबंध? पोरांना विचारलंस?”

“विचारलं होतं. चैत्रात.”

“काय म्हणाली?”

“अर्शद म्हणाला, काका, तुम्ही म्हणाल तसं. सौमित्र काही बोलला नाही.”

“आणि ती मुलगी?”

“ऋजुता म्हणाली… किल्ला तिथेच होतो, काका. नाहीतर राहू दे या वर्षी.”

“हं.”

“ती असं म्हणाली, आणि मग मी… मग बाहेरून लागेचना.”

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते उदयने स्वतःच ऐकलं. चाळण त्याच्या हातात तिरकी झाली. माती घमेल्याबाहेर पडली.

सरांनी ती हाताने गोळा केली.

“मागच्या वर्षी त्यानं हा बांधला,” ते म्हणाले. “त्याआधी तिथे काय होतं?”

“त्याच्या आधीच्या वर्षीचा.”

“तो कसा होता?”

“मला माहीत नाही. मी कधी बघितला नाही.”

“कुठे गेला?”

“पाडला. त्यांची तशी पद्धत आहे. वसुबारसेला चौघं आले की आधी जुना पाडायचा. त्याचेच दगड घ्यायचे.”

“कोण सुरुवात करायचं?”

उदय पोत्याकडे बघत होता.

“ज्याच्या घरी मशीन, त्याचा पहिला घाव. आणि दुपारी जेवणं झाल्यावर आमच्या घरात त्याच्या खोलीतून असा आरडाओरडा यायचा… नीलिमा म्हणायची, काय पडलं रे? तो म्हणायचा, किल्ला.”

बराच वेळ दोघं काम करत राहिले. ऊन भिंतीवरून उतरून तुळशीपाशी आलं. लॅपटॉपचा पडदा काळा झाला. उदयने बोट लावून तो जागा केला. किल्ला तसाच होता. मशाली जळत होत्या. त्या खेळात मशाली विझत नसत.

“सर, तुम्ही दरवर्षी नवी माती का नाही आणत? नदी तर इथेच आहे.”

“आणली होती एकदा. चांगली काळीभोर.”

“मग?”

“बुरूज फुटले. ही बघ.” सरांनी चिमूटभर माती त्याच्या तळहातावर ठेवली. “किती किल्ले झालेत हिचे. हिला कळतं.”

उदयने ती बोटांत चोळली.

मग त्याने मोबाईल घेतला. चौघांच्या गटात पोरांनी त्यालाही घेतलं होतं. मिहिरचं नाव अजून होतं. उदय बराच वेळ लिहीत राहिला. लिहिलेलं खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी जे पाठवलं ते एका ओळीचं होतं. पाठवण्याआधी त्याने सरांना वाचून दाखवलं.

“‘बाहेरून लागतंय. उन्हाळ्यापासूनच लागत होतं. या.’ बरोबर आहे?”

“शुद्धलेखन तपासायला आलास का माझ्याकडे?”

उदयने पाठवलं. मोबाईल पायरीवर उलटा ठेवला आणि चाळण उचलली.

“उद्याच येतील बहुतेक,” तो म्हणाला. “आत्ता कामात असतील. ऋजुताकडे तर सकाळच असेल.”

“असेल.”

“कुलूप मी… काही केलेलं नाही अजून.”

“विचारलं नाही मी.”

भिंतीपलीकडून कुंदाताई पुन्हा ओरडल्या. “सर, झाली का?”

“झाली! घमेलं पाठवा!”

“ध्यानालाच पाठवते उद्या! आज पाठवलं तर रात्रभर किल्ला बांधील!”

पोतं रिकामं झालं होतं. सरांनी ते झटकलं, घडी घातली. चाळणीत शेवटचा घास उरला होता. उदय तो सावकाश चाळत होता.

पायरीवरच्या लॅपटॉपमधून एक लहानसा आवाज आला. मग आणखी एक. थोड्या वेळाने तिसरा.

उदयने मान वळवली. पडद्यावर, किल्ल्याच्या दरवाजाबाहेर, गवतात तीन माणसं उभी होती. डोक्यावर नावं. ऋजुता. अर्शद. सौमित्र. सौमित्रचा माणूस जागच्या जागी उड्या मारत होता. बाकी दोघं नुसती उभी होती.

दरवाजा उघडा होता. तिघांपैकी कोणी आत आलं नाही.

पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली. ऋजुताने लिहिलं होतं. उदयने ती मनात वाचली. मग सरांकडे न बघता मोठ्याने वाचली.

“‘काका, आम्ही दारात थांबलोय. पहिला घाव तुमचा.’”

…

अर्ध्या बुरुजाशी मशाल जळत होती. शिडी टेकलेली होती. उदयचा माणूस मघाशी सोडला तिथेच, शिडीपाशी, उभा होता. उदय चाळण धरून बसला होता. ती रिकामी झाली होती, तरी तो हलवत होता.

सरांनी हात पुढे केला.

“चाळण इकडे दे. तुला दोन्ही हात लागतील.”